गाभ्यात कोणाला प्रवेश द्यायचा?

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतात सकाळचे पावणेदहा वाजत आले होते. जगभरातल्या लाखो संगणकांचे पडदे एकाएकी निळे झाले. बंद करून पुन्हा सुरू केले, तरी पुन्हा निळेच. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले जाऊ लागले आणि त्यांची छायाचित्रे दुपारपर्यंत सगळीकडे पोहोचली. रुग्णालयांत काय झाले याची चर्चा त्या मानाने कमी झाली. अमेरिकेत बोस्टनच्या मास जनरल ब्रिगहॅम या मोठ्या रुग्णालय-समूहाने तातडीच्या नसलेल्या सर्व शस्त्रक्रिया आणि तपासण्या त्या दिवसापुरत्या रद्द केल्या. जर्मनीत कील आणि ल्युबेक येथील विद्यापीठ रुग्णालयाने नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. इंग्लंडमध्ये अनेक फॅमिली डॉक्टरांना रुग्णांच्या जुन्या नोंदी उघडता येईनात.

हा सायबर हल्ला नव्हता. हल्ल्यापासून संरक्षण करणाऱ्या क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल पाठवली होती, आणि ती सदोष होती. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली. तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले होते. विंडोजच्या एकूण संगणकांच्या तुलनेत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. पण हे संगणक विमानतळांवर, बँकांत आणि रुग्णालयांत होते.

एरवी संगणकातला एखादा प्रोग्रॅम बिघडला, तर तेवढाच बंद पडतो. ब्राउझर अडकला म्हणून चालू असलेले टायपिंग थांबत नाही. मग एका छोट्या फाइलमुळे अख्खा संगणक मान टाकतो, आणि तोही पुन्हा उठू शकत नाही, हे कसे? याचे उत्तर ऑपरेटिंग सिस्टीमच्या ‘कर्नेल’ या भागात आहे. कर्नेल म्हणजे दाण्याच्या आतला गर, गाभा. हा विषय एरवी संगणक अभियंत्यांच्या वर्गापलीकडे जात नाही. मात्र रुग्णाची नोंद, रक्ताचा अहवाल, एक्स-रे आणि औषधांची यादी संगणकावर गेल्यानंतर तो रुग्णसुरक्षेचाही विषय झाला आहे.

गाभा करतो काय?

संगणकाच्या पडद्यावर दिसते ती ऑपरेटिंग सिस्टीम नव्हे, ते तिचे दर्शनी अंग. चित्रे, खिडक्या, मेन्यू हे सगळे वरचे थर. त्यांच्याखाली, थेट यंत्राला भिडलेला जो भाग असतो, तो कर्नेल. त्याची कामे मोजकी, पण मूलभूत. एकाच वेळी चालणाऱ्या पन्नास-शंभर प्रोग्रॅमपैकी प्रोसेसर कोणाला, किती वेळ द्यायचा हे तो ठरवतो. कोणी स्मृतीचा, म्हणजे मेमरीचा, कोणता भाग वापरायचा याची वाटणी करतो आणि एकाने दुसऱ्याच्या भागात घुसू नये यावर लक्ष ठेवतो. डिस्क, प्रिंटर, कळफलक, नेटवर्क यांच्याशी बोलण्याचे काम त्याच्यामार्फतच होते.

बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर केसपेपर छापला जातो, तेव्हा नोंदणीचा प्रोग्रॅम स्वतः प्रिंटरला हात लावत नाही. तो कर्नेलकडे विनंती करतो. कर्नेल ती तपासतो, मान्य करतो आणि प्रिंटरपर्यंत पोहोचवतो. संगणकात अशा विनंत्या सेकंदाला हजारोंनी चालू असतात.

या व्यवस्थेला प्रोसेसरच्या घडणीतच आधार दिलेला आहे. प्रोसेसर दोन अवस्थांत काम करतो. एक सामान्य अवस्था, ज्यात आपले रोजचे प्रोग्रॅम चालतात. त्यांना यंत्राला थेट हुकूम देण्याचा अधिकार नसतो. दुसरी विशेषाधिकाराची अवस्था, जिच्यात कर्नेल चालतो. तिथे कोणतीही आडकाठी नसते. सामान्य अवस्थेतला प्रोग्रॅम चुकला, तर कर्नेल त्याला बाहेर काढतो आणि बाकीचे काम सुरू राहते. पण खुद्द कर्नेलच चुकला, तर त्याला आवरायला त्याच्या वर कोणी नसते.

शरीराशी तुलना करायची तर मेंदूचा वरचा भाग आणि मस्तिष्कस्तंभ यांतला फरक आठवावा. मेंदूच्या वरच्या भागाला इजा झाली तर वाचा जाते, हातपाय लुळे पडतात, पण श्वास चालू राहतो. मस्तिष्कस्तंभाचा आकार अंगठ्याएवढा, पण श्वासाचे नियंत्रण तिथे. तो निकामी झाला की बाकी मेंदू कितीही धड असून उपयोग नसतो.

निळा पडदा का येतो, हेही यावरून समजते. आपल्या ताब्यातल्या स्मृतीत काहीतरी बिघडले आहे हे कर्नेलच्या लक्षात आले, की तो जाणीवपूर्वक सगळे काम थांबवतो. तसेच पुढे रेटले, तर चुकीचा मजकूर डिस्कवर लिहिला जाण्याची, म्हणजे एका रुग्णाच्या नोंदीची नासधूस होण्याची, भीती असते. चुकीची नोंद साठवण्यापेक्षा थांबणे बरे, असा तो निर्णय आहे. निळा पडदा हे आजाराचे लक्षण आहे. आजार आत असतो.

गाभ्याशिवाय अडलेली सिस्टीम

ऑपरेटिंग सिस्टीम घडवताना कर्नेलचे महत्त्व किती, हे एका जुन्या हकिकतीतून दिसते. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये सर्वांना मुक्तपणे वापरता येईल, बदलता येईल अशी ‘ग्नू’ नावाची ऑपरेटिंग सिस्टीम घडवण्याची घोषणा केली. पुढच्या सात-आठ वर्षांत तिचे बहुतेक भाग तयार झाले. मजकूर लिहिण्याचे साधन झाले, प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन झाले. अडले ते कर्नेलपाशी. अवयव सगळे तयार, पण शरीर उभे राहीना. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातला एक विद्यार्थी, लिनस टोरवाल्ड्स, याने हौसेने एक छोटा कर्नेल लिहून लोकांपुढे ठेवला. तोच लिनक्स. ग्नूची साधने आणि लिनक्सचा गाभा एकत्र आले आणि एक संपूर्ण सिस्टीम उभी राहिली. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये लिनक्सचा कर्नेल आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून त्यावरच चालतात.

मात्र एक वाद तेव्हापासून चालत आला आहे. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम यांनी १९९२ मध्ये लिनक्सच्या रचनेवरच टीका केली. त्यांचे म्हणणे असे, की कर्नेल शक्य तितका लहान असावा. फाइलींची व्यवस्था, प्रिंटर आणि डिस्क चालवणारी ‘ड्रायव्हर’ सॉफ्टवेअरे ही सगळी बाहेर, सामान्य अवस्थेत ठेवावीत. म्हणजे त्यांपैकी एक बिघडले तरी गाभा शाबूत राहील. टोरवाल्ड्स यांचा मुद्दा व्यवहाराचा होता. सगळे आत असले की आत-बाहेर निरोपांची ये-जा वाचते आणि काम वेगाने होते.

बाजारात सरशी झाली ती वेगाची. आज लिनक्स कर्नेल तीन कोटींहून अधिक ओळींचा झाला आहे, आणि त्यात मोठा वाटा ड्रायव्हरांचा आहे. विंडोजमध्येही असंख्य ड्रायव्हर गाभ्याच्या अधिकाराने चालतात. त्यांतले पुष्कळसे मायक्रोसॉफ्टने लिहिलेले नसतात, ते त्या त्या उपकरणाच्या कंपनीकडून येतात.

लहान गाभ्याची कल्पना मेली नाही. मोटारी आणि वैद्यकीय उपकरणांत वापरली जाणारी ‘क्यूएनएक्स’ ही सिस्टीम त्याच तत्त्वावर उभी आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००९ मध्ये ‘एसईएल-फोर’ नावाचा एक कर्नेल जवळपास ८,७०० ओळींत लिहिला आणि तो ठरवल्याप्रमाणेच वागतो हे गणिती पद्धतीने सिद्ध करून दाखवले. तीन कोटी ओळींबाबत अशी सिद्धता देणे आज कोणालाही शक्य नाही.

पहारेकरी आत का बसला?

मग विषाणूरोधक सॉफ्टवेअरला गाभ्यात जागा कशी मिळाली? त्यामागे रास्त कारण होते. हल्लेखोरही गाभ्यातच शिरायचा प्रयत्न करतात. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने विंडोजमधल्या फाइल-देवाणघेवाणीच्या जुन्या ड्रायव्हरमधली त्रुटी वापरली होती. तो ड्रायव्हर कर्नेलच्या अधिकाराने चालत असे, त्यामुळे बाहेरून आलेल्या शत्रूच्या हाती एकदम सगळ्या किल्ल्या पडल्या. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना त्याचा फटका बसला, हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या, काही आकस्मिक विभागांना रुग्ण दुसरीकडे पाठवावे लागले. त्रुटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिला होता. अनेक ठिकाणी तो बसवलेलाच नव्हता.

गाभ्यात शिरलेला चोर बाहेर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला सहज चकवू शकतो. म्हणून सुरक्षा कंपन्या म्हणत आल्या, की आम्हालाही आत जागा हवी. क्राउडस्ट्राइकचे सॉफ्टवेअर तसेच आत बसते, आणि संगणक सुरू होताना अगदी सुरुवातीलाच जागे होते, जेणेकरून त्याच्याआधी कोणी शिरू नये. १९ जुलैला याच गुणाचा दोष झाला. संगणक सुरू होई, पहारेकरी जागा होई, सदोष फाइल वाचे आणि कोसळे. त्याच्याबरोबर गाभाही कोसळे. पुन्हा सुरू केले की पुन्हा तेच.

चूक काय होती, हे कंपनीने नंतर प्रसिद्ध केलेल्या अहवालात आहे. धोक्याची लक्षणे तपासण्याच्या एका नव्या प्रकारात २१ रकाने ठरवलेले होते. गाभ्यात बसलेला प्रोग्रॅम मात्र २० रकान्यांचीच माहिती पुरवत होता. आधी पाठवलेल्या फाइलींत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असे लिहिलेले असल्याने तो कधी वाचलाच गेला नाही, आणि फरक महिनोन्महिने झाकलेला राहिला. १९ जुलैच्या फाइलने पहिल्यांदा एकविसावा रकाना खरोखर वाचायला सांगितला. प्रोग्रॅम आपल्या हद्दीबाहेरच्या स्मृतीत डोकावला. सामान्य अवस्थेत अशी चूक झाली असती, तर तेवढा प्रोग्रॅम बंद पडला असता. गाभ्यात तिला माफी नव्हती.

या घटनेतला खरा धडा तपासणीच्या व्यवस्थेबद्दल आहे. गाभ्यात बसलेला मूळ प्रोग्रॅम रीतसर तपासून, मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्रानंतर बसवलेला होता. त्याला रोज मिळणारी माहितीची फाइल मात्र ‘प्रोग्रॅम नव्हे’ म्हणून त्या तपासणीतून जात नव्हती. कंपनीच्या आपल्या तपासणी-साधनातही दोष होता, त्यामुळे फाइल पास झाली. शिवाय ती टप्प्याटप्प्याने न पाठवता एकाच वेळी सगळ्यांना पाठवली गेली. वैद्यकशास्त्रात हे चालत नाही. नवे औषध आधी थोड्या लोकांवर, मग अधिकांवर आणि शेवटी सर्वांसाठी, अशी पायरी ठरलेली असते, ती याच भीतीपोटी. सलाइनचा पंप मान्यताप्राप्त आहे म्हणून त्यात भरलेला डोस बरोबरच असेल असे कोणतीही परिचारिका गृहीत धरत नाही. पंपाची तपासणी वेगळी आणि डोसची वेगळी.

दुरुस्तीची पद्धतही सांगण्यासारखी आहे. संगणक सुरूच होत नसल्याने दुरून काही करता येईना. प्रत्येक यंत्रापाशी माणसाने जाऊन, ते सुरक्षित अवस्थेत चालू करून, ती एक फाइल पुसायची. डिस्क कुलूपबंद केलेली असेल तर आधी तिची लांबलचक सांकेतिक किल्ली टाकायची. काही ठिकाणी त्या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती, तोच बंद होता.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील संशोधकांनी २०२५ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात या दिवसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी पाहिलेल्या २,२३२ अमेरिकी रुग्णालयांपैकी ७५९ रुग्णालयांच्या नेटवर्कमध्ये त्या दिवशी खंड पडल्याचे आढळले. त्यांत रुग्णांच्या नोंदी, तपासण्यांच्या प्रतिमा आणि रुग्णसेवेशी थेट निगडित अशा इतर सेवाही होत्या. कंपनीने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला आहे. आकडा थोडा इकडे-तिकडे मानला, तरी एका खासगी कंपनीच्या एका फाइलमुळे शेकडो रुग्णालये एकाच सकाळी चाचपडू शकतात, एवढे मान्य करावे लागते.

यंत्राच्या पोटातला गाभा

रुग्णालयात संगणक फक्त टेबलावर नसतात. मॉनिटर, व्हेंटिलेटर, सलाइनचा पंप, किरणोपचाराचे यंत्र, या सगळ्यांच्या पोटात छोटे संगणक आणि त्यांचे कर्नेल असतात. तिथे एक जादा अट असते, वेळेची. ईसीजीचा ठोका चुकल्याची सूचना दोन मिनिटांनी देऊन उपयोग नाही. कोणते काम किती क्षणात झालेच पाहिजे याची हमी अशा कर्नेलने द्यावी लागते.

ही हमी नसेल तर काय होते, याचे उदाहरण वैद्यकीय इतिहासात आहे. कॅनडात बनलेल्या ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्रासाठी उत्पादकांनी आपली स्वतंत्र छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली होती. यंत्राची अनेक कामे एकाच वेळी चालत आणि एकमेकांशी सामायिक स्मृतीतून बोलत. एक काम लिहीत असताना दुसऱ्याने वाचू नये, असा बंदोबस्त मात्र त्यात नव्हता. तंत्रज्ञाने पडद्यावरची नोंद काही सेकंदांतच दुरुस्त केली, तर पडद्यावर नवी आज्ञा दिसे आणि यंत्र जुन्या मांडणीवर राही. आधीच्या यंत्रांत अशा वेळी किरण रोखणारी यांत्रिक कुलपे होती. सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवून ती या यंत्रात काढून टाकली होती. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना नेमून दिलेल्या मात्रेच्या कित्येक पट किरण मिळाले. त्यांतले काही दगावले.

अशा अनुभवांतून नियम आले. वैद्यकीय उपकरणातल्या सॉफ्टवेअरसाठी २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यात बिघाडाने रुग्णाला इजा होऊ शकते का, जीव जाऊ शकतो का, यावरून सॉफ्टवेअरचे वर्ग पाडतात आणि तपासणीची कडकपणा त्यानुसार वाढतो. भारतातही फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने वैद्यकीय उपकरणांची व्याख्या व्यापक झाली आणि तिच्यात सॉफ्टवेअरचा समावेश झाला.

पण नोंदणीच्या खिडकीवरचा, वॉर्डातल्या टेबलावरचा, रक्तपेढीच्या कोपऱ्यातला साधा संगणक या व्याख्येत बसत नाही. तो कार्यालयीन सामान म्हणून, सर्वांत कमी दराच्या निविदेतून येतो. १९ जुलैला बंद पडले ते बहुतांशी असेच संगणक. व्हेंटिलेटर चालू होते. पण आकस्मिक विभागात आलेल्या बेशुद्ध रुग्णाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, त्याची मागची क्रिएटिनिनची पातळी किती होती, हे सांगणारा पडदा निळा होता. उपकरण आणि कार्यालयीन सामान ही नियमांतली विभागणी रुग्णाच्या खाटेपाशी टिकत नाही.

दार आता थोडे बंद होत आहे

गाभ्यात कोणाला घ्यायचे, हा वाद या घटनेने पुन्हा पेटवला. मायक्रोसॉफ्टने २००६ च्या सुमारास, व्हिस्टा आणताना, बाहेरच्यांना कर्नेलमध्ये फेरफार करण्यास मनाई करायला घेतली होती. विषाणूरोधक कंपन्यांनी तेव्हा जोरदार तक्रार केली. मायक्रोसॉफ्ट स्वतःही सुरक्षा उत्पादने विकते. मग स्वतः आत आणि स्पर्धक बाहेर, हे कसे चालेल? पुढे २००९ मध्ये युरोपीय आयोगाबरोबर झालेल्या समझोत्यानुसार इतर सुरक्षा कंपन्यांनाही स्वतःइतकाच प्रवेश देणे आपल्याला भाग पडले, असे मायक्रोसॉफ्टचे म्हणणे आहे.

ॲपलने वेगळी वाट धरली. २०१९ च्या मॅक सिस्टीमपासून तिने बाहेरच्या कंपन्यांना कर्नेलऐवजी सामान्य अवस्थेत काम करण्याची नवी सोय दिली आणि जुनी वाट क्रमाने बंद करत आणली. लिनक्समध्ये ‘ईबीपीएफ’ नावाची व्यवस्था आहे. तिच्यात बाहेरून आलेला छोटा प्रोग्रॅम गाभ्यात चालवण्यापूर्वी कर्नेल स्वतःच तपासतो. तो हद्दीबाहेर जाणार नाही, अनंतकाळ फिरत राहणार नाही, याची खात्री पटली तरच आत घेतो. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बूट, टोपी, मास्क आणि हात धुणे यांची सक्ती असते, तसाच हा प्रकार.

मायक्रोसॉफ्टनेही सप्टेंबर २०२४ मध्ये सुरक्षा कंपन्यांची बैठक घेतली, नोव्हेंबरमध्ये विंडोज अधिक चिवट करण्याचा उपक्रम जाहीर केला आणि २०२५ मध्ये विषाणूरोधक सॉफ्टवेअर कर्नेलच्या बाहेरून चालवण्याची व्यवस्था निवडक कंपन्यांना चाचणीसाठी देऊ केली. सुरू न होणारा संगणक दुरून दुरुस्त करता यावा, अशी सोयही आणली. क्राउडस्ट्राइकने अद्ययावत फाइली टप्प्याटप्प्याने पाठवायला सुरुवात केली आणि त्या केव्हा घ्यायच्या हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकांना दिला.

दुसरी बाजूही पाहायला हवी. बाहेर बसवलेला पहारेकरी काही गोष्टी पाहू शकणार नाही, आणि गाभ्याची एकमेव किल्ली एका कंपनीच्या हाती राहिली तर तीच कंपनी बाजारावर हुकमत गाजवेल. या दोन्ही शंका खोट्या नाहीत. तरीही ज्या तत्त्वावर शस्त्रक्रियागृह चालते ते इथेही लागू पडते. आत जितकी माणसे कमी, तितका जंतुसंसर्ग कमी. ज्याचे काम बाहेरून होऊ शकते, त्याने बाहेरूनच करावे. आत यायचेच असेल तर दारातली तपासणी प्रत्येक वेळी व्हावी, पहिल्या दिवशी एकदाच नव्हे.

आपल्याकडचे प्रश्न

जुलै २०२४ च्या त्या दिवशी भारतात सरकारी ‘एनआयसी’च्या जाळ्यावर परिणाम झाला नाही, असे केंद्रीय माहिती-तंत्रज्ञान मंत्र्यांनी सांगितले. रिझर्व्ह बँकेने दहा बँका व वित्तसंस्थांत किरकोळ अडथळे आल्याचे कळवले. आपण थोडक्यात सुटलो, पण त्यावरून आपली प्रकृती ठणठणीत आहे असे ठरत नाही. ज्या संगणकांवर ते उत्पादन होते तेच बंद पडले, एवढाच त्याचा अर्थ. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर झालेला खंडणीखोर हल्ला वेगळ्या जातीचा होता, पण सर्व्हर गेल्यावर देशातले अग्रगण्य रुग्णालय सुमारे दोन आठवडे कागदावर कसे चालवावे लागते, हे त्याने दाखवले. आयुष्मान भारत डिजिटल अभियानातून रुग्णांच्या नोंदी देशभर जोडल्या जात असताना ही आठवण ताजी असलेली बरी.

यावर ‘स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीम’ हा उपाय वारंवार सुचवला जातो. सीडॅकची ‘बॉस’, संरक्षण मंत्रालयाची ‘माया’, मद्रास आयआयटीच्या परिसरात घडलेली ‘भारओएस’ ही त्यातली नावे. ही कामे उपयोगाची आहेत. मात्र बॉस आणि माया यांच्या तळाशी लिनक्सचाच कर्नेल आहे, आणि भारओएस ज्या खुल्या अँड्रॉइडवर उभी आहे त्याच्याही. त्यात कमीपणा काही नाही. नवा कर्नेल शून्यापासून लिहिणे हे दशकांचे काम आहे, आणि खुला कर्नेल कोणालाही आतून वाचता येतो. पण लिनक्सची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते, हजाराहून अधिक लोक तिच्यात हात घालतात आणि त्रुटींवरचे उपाय अखंड येत राहतात. नाव भारतीय ठेवले आणि दोन वर्षे ते उपाय बसवले नाहीत, तर ती सिस्टीम जुन्या विंडोजइतकीच दुबळी होते. खरी स्वयंपूर्णता गाभा समजणारी, त्यात भर घालणारी आणि रात्री दोन वाजता तो दुरुस्त करू शकणारी माणसे तयार करण्यात आहे.

आणि जुन्या विंडोजचा प्रश्न तर दारातच उभा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा-उपाय मिळणे बंद झाले. मुदतवाढीची नोंदणी केलेले संगणक सोडले, तर बाकीच्यांच्या गाभ्यात सापडणाऱ्या नव्या त्रुटी उघड्याच राहतील. वॉनाक्रायच्या वेळी हेच झाले होते. सोनोग्राफी किंवा एक्स-रे यंत्राबरोबर आलेला संगणक तर यंत्र चालते तोवर, म्हणजे दहा-पंधरा वर्षे, तसाच वापरला जातो. त्याची सिस्टीम बदलायची तर यंत्राच्या कंपनीची परवानगी लागते.

रुग्णालयाच्या प्रमुखाने कर्नेलची रचना शिकावी, अशी अपेक्षा नाही. पण खरेदीच्या फायलीवर सही करण्यापूर्वी काही प्रश्न विचारणे त्याच्या हातात आहे. हे सॉफ्टवेअर गाभ्याच्या अधिकाराने चालते का? चालत असेल तर त्याशिवाय काम होणार नाही का? त्याच्या अद्ययावत फाइली आधी दोन-चार संगणकांवर तपासून मग बाकीच्यांना देता येतात का? या सिस्टीमला सुरक्षा-उपाय कोणत्या वर्षापर्यंत मिळणार, हे करारात लिहिले आहे का? डिस्कच्या किल्ल्यांची यादी कागदावर, कपाटात आहे का? आकस्मिक विभाग, रक्तपेढी आणि प्रयोगशाळा एकाच बिघाडाने एकाच वेळी बंद पडतील, अशी मांडणी तर केलेली नाही ना?

शेवटचा प्रश्न संगणकाशी संबंधित नाही. सगळे पडदे बंद असताना रुग्णाची नोंद, रक्ताची मागणी आणि औषधाची चिठ्ठी कागदावर कशी करायची, हे रात्रपाळीतल्या नव्या परिचारिकेला आणि निवासी डॉक्टरला माहीत आहे का? आगीची कवायत वर्षातून एकदा होते. संगणक बंद पडण्याची कवायत बहुतेक रुग्णालयांत एकदाही झालेली नसते. छापील केसपेपरांचा एक गठ्ठा, रक्तमागणीची पुस्तके आणि सहा महिन्यांतून एक तासाचा सराव, एवढ्याने सुरुवात करता येते. त्याला निविदा लागत नाही.